चुका गोळा करणारे मामा

शिरूर आन् दौंड, दोन्ही तालुके पालथे घातले तरी लोकांच्या चुका गोळा करत हिंडणारा माणूस तुम्हाला एकच सापडंल, आन् तो ह्या जयंतीपतूर आमच्याच डोक्यावर ऱ्हात व्हता. डोक्यावर म्हंजी शिक्रापुरात आमची जी भाड्याची खोली हाय, तिच्या वरच्या खोलीत. नात्यानं ते माझ्या सासूचे चुलतभाऊ, ह्यांचे मामा, म्हून माझेबी मामा. दिवसा एका गोडाऊनला फोर्कलिफ्ट चालवायचे आन् घरी आले का बूट काढायच्या आधी कंप्युटर चालू करायचे. दौंडचं एक नेटकॅफे बंद पडलं तवा तिथनं त्यो कंप्युटर मामांनी यष्टीत मांडीवर घिऊन आणला, लेकरू आणावं तसा. त्याच्यावर ते गाणी बनवायचे. ढोलकी, हलगी, पेटी, बासरी सगळं त्या डब्यातच, वाजवणारं कुणी न्हाई. लोक म्हणायचे, काय भारी, एकटा माणूस आख्खी पार्टी वाजवतो. पण मामांचं दुखणं येगळंच. "सूनबाई," ते म्हणायचे, "ह्यो कंप्युटर कवाच चुकत न्हाई गं. आन् गाणं तितंच मरतंय."

म्हून मामा माणसांच्या चुका शोधत हिंडायचे. कुकरची शिट्टी झाली का वरनं आवाज यायचा, "तिसरी जरा लाजली!" पण शिट्टीचं काय न्हाई, शिट्टीला भ्या वाटत न्हाई. मला वाटतंय. मी भाकरी थापायला बसले का मामा दारात मोबाइल धरून हुबे ऱ्हायचे. एकदा मधीच परी रडली, परी म्हंजी आमची पोरगी, तवा आठ म्हयन्यांची, तर माझा हात आडला आन् मग दोन थापा पळत आल्या. मामा आनंदानं वरडले, "आत्ता केलं तसं परत कर!" आता परत कसं करू, परीला परत रडवू का काय? माझी छाती धडधडाया लागली, तवा तापलेला, मोबाइल समोर, मी आपली थाप-थाप-थाप सारखी थापत गेले, भाकरीला काठाला चीर पडली आन् मामांचं तोंड उतरलं. म्हणाले, "झालीस का न्हाई तूबी कंप्युटर." तवर आतनं माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, त्या कडाडल्या, "आरं तिला भाकरी करू दी! तुला माणूसच पायजे व्हता तर येळंवर लगीन करायचं व्हतंस!" मामा शांतपणे म्हणाले, "आक्का, लगीन केलं आस्तं तर चुका माझ्याच निघाल्या आस्त्या. मी कुणाच्या काढल्या आस्त्या?"

लग्नाला गेले तर मामा पंगतीत दिसायचेच न्हाईत. शिरूरला आमच्याच नात्यातलं लगीन व्हतं, समदे जेवले, मामा कुठं म्हून हे बघाया गेले तर मामा मांडवामागं हलगीवाल्यांच्यात बसलेले, तोंड काजळीनं काळं. हलगी तापवायची आसती ना, पाचोळा-कागुद पेटवून तिचं कातडं त्याच्यावर धरतात, मग ती ताणती आन् कडक बोलती. मामा प्रत्येक हलगीला कान लावत व्हते. घरी येऊन मला सांगत बसले, का हलगी आगीवरनं उठली का टणटण आसती, पण वरात चौकापतूर जाईस्तवर तिचा आवाज उतरत जातो, म्हून वाजवणारा जोर वाढवतो, आन् त्या जोरामुळंच बघणाऱ्याच्या आंगावर काटा येतो. "कंप्युटरातली हलगी जलमभर तापलेलीच. तिला गार व्हायचं बटण पायजे. गार झाली का गाणं थांबलं पायजे, शेकाया." हे म्हणाले, "मामा, गाणं थांबल्यावर लोकांनी काय करायचं?" मामा म्हणाले, "पाणी प्यायचं."

आसं बटण पायजे, तसं बटण पायजे, हे त्यांचं रोजचंच. तसं एक बटण त्यात आधीपासूनच व्हतं, त्याचं नाव इंग्रजीत 'ह्युमनाइज'. मी नववीतनं शाळा सोडलेली, मला काय कळतंय, तर मामांनीच सांगितलं, ह्याचा अर्थ 'माणसावाणी कर'. दाबून दाखवलं. ढोलकी जरा डुगडुगाया लागली. मला बरी वाटली, पण मामा असे चिडले का बास. "ह्यो माणूस न्हाई, ह्यो पिलेला हाय! कुठंबी पडतोय! माणूस उगं चुकत न्हाई पोरी, कारणानं चुकतो. समोर वळखीचं माणूस दिसलं का ढोलकीवाल्याचा हात पुढं पळतो. पंगत बसायची हाळी आली का तो गडबडतो. ह्याला कुठं कारण हाय?" म्हून मामांना कारणांची बटणं पायजे व्हती. 'पाव्हणे आले' चं एक. 'बोट भाजलंय' चं एक. 'काल भांडण झालंय' चं एक. सॉफ्टवेअरची कंपनी कुठं लांब परदेशात, तिला ते आवाजाची फाइल पाठवायचे, हिंदीत. मी सवता ऐकलंय: "हॅलो सर, मैं शिक्रापूर से बोल रहा हूँ. आपके सॉफ्टवेअर में एक बटन कम है. सास आ गयी वाला. सास आती है ना सर, तो गानेवाली का आवाज एकदम पतला होता है." दर बारीला कंपनीचं त्येच उत्तर यायचं, आभारी आहोत, आपली सूचना पोचली. मामा ते सगळ्या चाळीला वाचून दाखवायचे आन् म्हणायचे, "बघा, ह्याच्यातबी माणूस घातला न्हाई."

आता माझं सांगते, कारण ह्यात मी कशी घावले ते कळलं पायजे. मी भित्री हाय. हायवेवरनं ट्रक गेला का खोलीची खिडकी थरथरती, तिच्यासंगं मीबी. परी झोपली का तिच्या नाकाखाली बोट धरून बघते, श्वास चालू हाय का, आन् तो चालू आसला तर आपल्याला नीट कळला का न्हाई म्हून परत बघते. शाळेत बाई म्हणायच्या सगळ्यांनी एकदम कविता म्हणा, तर मी आधी दुसऱ्या पोरी काय म्हणतात ते ऐकायची आन् मग मागनं म्हणायची. ती खोड गेलीच न्हाई. विहारात वंदनेला बसलो तरी मी ओळ सुरू झाल्यावर जराशी थांबते, आपलं काय चुकू नये म्हून. कुणाला कळत न्हाई आसं मला वाटायचं. पण एका रविवारी वंदना झाल्यावर मामा चपला घालता घालता म्हणाले, "सूनबाई, तू प्रत्येक ओळीला मागनं येतीस. का?" मला रडूच आलं. मी म्हणाले, "चुकंल म्हून, मामा." मामांनी हातातली चप्पल खाली टाकली. "चुकंल म्हून उशीर! आगं, म्हंजी कारण हाय! मी दोन वरसं हिंडतोय ह्या आवाजासाठी!" लोक बघाया लागले. मला वाटलं जमीन फाटावी.

गोष्ट आशी व्हती. मामा लहानपणी दौंडला एका गायन पार्टीत कोरसला मागं हुबे ऱ्हायचे. पुढं कवाच आले न्हाईत. तवापासनं त्यांची एकच इच्छा, आपण बनवलेलं एक तरी गाणं जयंतीच्या मिरवणुकीत वाजावं. गेल्या वर्षी दिलंबी व्हतं. आर्ध्यात मंडळाच्या अध्यक्षानं बंद केलं. पोरगा चांगला हाय, कंपनीत सुपरवायझर हाय, तो वंगाळ बोलला न्हाई, फकस्त म्हणाला, "मामा, राग मानू नका, पण मोबाइलच्या रिंगवाणी वाटतंय. कुणाचा पाय उचलत न्हाई." मामा बरं म्हणाले आन् मिरवणुकीच्या शेवटाला जाऊन चालाया लागले. ह्या वर्षी तर जयंती झाली का त्यांची बदली दौंडकडच्या गोडाऊनला ठरलेली. म्हंजी आमच्या वस्तीतली ही त्यांची शेवटची जयंती. गाणं त्यांनी सवता लिहिलेलं. पुढचा आवाज म्हणतो, "उजाडलं गं बायांनो, उठा," आन् मागनं बाया म्हणतात, "उठलो, आम्ही उठलो." पुढचा आवाज मामांचाच. मागं बाया पायजे व्हत्या. कंप्युटरातल्या बाया व्हत्या, पण त्या सगळ्या एकदम श्वास घ्यायच्या, कवायतीवाणी. मामा म्हणाले, "आशा बाया मी जगात बघितल्या न्हाईत."

मग वस्तीतल्या बाया का न्हाई बोलावल्या, तुम्ही इचाराल. त्या मामांशी बोलत न्हवत्या. त्याचं आसं झालं, मामांना एका हळदीच्या गाण्यात गर्दीचा आवाज पायजे व्हता, तर त्यांनी नळावरचं भांडण गुपचूप मोबाइलवर घेतलं आन् गाण्यात खाली बारीक घातलं. कुणाला कळंल आसं त्यांना वाटलं न्हाई. पण हळदीला ह्ये मोठे स्पीकर. नवरीला हळद लागतीय आन् मागनं आमच्या शेजारच्या शोभाकाकूंचा आवाज, "तुझ्या हंड्यात पडो आळ्या!" नवरदेवाकडची माणसं इकडं तिकडं बघाया लागली. तवापासनं शोभाकाकूंनी सगळ्या बायांना सांगितलेलं, त्या जिन्याची पायरी कुणी चढायची न्हाई. म्हून मामांच्या वाट्याला एकटी मीच ऱ्हायले, कारण मी सून, मला न्हाई म्हणता येत न्हाई.

मी परीला काखेत घिऊन वर गेले. माईकला मामांनी पायमोजा घातलेला. परीचा. आठवडाभर त्योच धुंडाळत व्हते मी. मामा म्हणाले, "आपल्या तोंडचा वारा लागू नये म्हून. मळला न्हाई, बघ." मग हेडफोनातनं कानात त्यांचा आवाज आला, उठा, आन् मी थांबले, कुणी म्हणतंय का म्हून. कुणीच न्हवतं. मग मी म्हणाले, उठलो. मामांनी डोळे मिटले. "बास. ह्येच." तेवढं घेतलं आन् बाकीच्या बाया कुठनं आणायच्या, म्हून मामांनी माझाच आवाज पाच जागी चिकटवला, एक जरा जाड केला, एक बारीक केला, आन् तसाच मंडळाच्या बैठकीत नेऊन ऐकवला. मीबी दाराशी हुबी. पुढचा आवाज म्हणाला, उजाडलं गं बायांनो, उठा. शांत. आजून शांत. मग पाच बाया, पाचीबी दबकत दबकत, "उठलो… आम्ही उठलो." दवाखान्यात सलाइन लावलेलं माणूस उठावं तसं. अध्यक्ष खालीच बघत व्हता, त्याचे खांदे हालत व्हते. शेवटी म्हणाला, "मामा, ह्या बाया उठत्यात का झोपत्यात?" सगळी बैठक हासली. मामाबी हासले, पण तोंडानं. अध्यक्ष म्हणाला, "रविवारी साउंडवाल्याला गाणी द्यायची हायती मामा. तवर बघा. न्हाईतर आमची ठरलेली हायतीच."

जिना चढताना मामांना धाप लागली, पायरीवर बसले. मला वाटलं माझ्यामुळंच झालं सगळं. मी म्हणाले, "मामा, माझा आवाजच मेला भित्रा." तर मामा कपाळावर हात मारून म्हणाले, "तुझं न्हाई गं, माझं चुकलं. पाच बाया घातल्या आन् पाचींना कारण एकच दिलं. पाचीबी दुसरीची वाट बघत्यात, आन् पुढं कुणी न्हाईच! तुझा उशीर तवाच उशीर, जवा कुणीतरी आधी उठंल." मग माझ्याकडं बघितलं आन् म्हणाले, "तू शोभाकाकू हो."

मी म्हणाले, काय? मामा म्हणाले, "आता तुझ्यावाणी म्हणून झालं. आता शोभाकाकू कशी म्हंल तशी म्हण. मग आक्का कशी म्हंल तशी." मी म्हणाले, "मामा, जीव गेला तरी आत्यांचा आवाज काढायची न्हाई." "बरं, आक्का ऱ्हाऊ दी. शोभाकाकू तरी." परीला घिऊन मी परत माईकपुढं हुबी ऱ्हायले ती बेस्तरवारची दुपार व्हती, कंपन्यांना सुट्टी, सगळी चाळ घरात, उकाड्यानं खिडक्या सताड उघड्या. मला ह्ये सुचलंच न्हाई. मी नुसती इचार करत व्हते, शोभाकाकू कशा म्हणतील. त्या कुणाची वाट बघत न्हाईत, नळाचीबी न्हाई, पाणी यायच्या आधी हंडा लावतात. मी कमरेवर हात ठिवला. मामांचं 'उठा' पुरं व्हायच्या आतच मी वरडले, "उठलो! आम्ही उठलो!" कुठनं आला म्हाईत न्हाई तो आवाज. पोटातनं आला. परी दचकली, तिनं व्हट काढला, मला वाटलं आता रडती, आन् ती खदाखदा हासाया लागली. मामा म्हणाले, "परत!" मी परत वरडले. आजून जोरात. आन् मला, खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं.

तवर लोखंडी जिना वाजाया लागला. धाड, धाड, धाड. "कोण गं ती भवानी माझा आवाज काढतीय?" शोभाकाकू दारात. मी परीला तोंडासमोर धरलं, जसं काय मी त्यांना दिसणारच न्हाई. मामांनी नुसतं गाणं लावलं. शोभाकाकूंनी ऐकलं. कमरेवर हात ठिवून ऐकलं. म्हणाल्या, "मी आशी म्हणते?" मामा म्हणाले, "ह्याच्यापेक्षा जोरात म्हणता. सुनेच्यात तेवढं बळ न्हाई." "तर काय!" काकू म्हणाल्या, "घशातच आडलंय पोरीच्या. सर बाजूला. पर आधी मला सांगा, ते नळावरचं पुसलं का?" मामा कीबोर्डावरची धूळ पुसाया लागले. "पुसलं का?" "न्हाई," मामा म्हणाले, "लई चांगलं आलंय वो ते." "आत्ताच्या आत्ता पुसा. समद्यांच्या देखत." आन् काकूंनी कठड्यावरनं खाली हाळी दिली, "ए, या गं वर समद्या! पुसत्यात बघा!" बाया आल्या. मामांनी जड हातानं ते भांडण पुसलं, तवा त्यांचं तोंड माहेर सोडणाऱ्या पोरीवाणी झालं व्हतं. आन् मग आल्याच हायती तर म्हून बाया म्हणाल्या, काय म्हणायचंय ते तरी सांगा.

काकू आधी उठल्या, त्यांच्या मागं दोघी, एकीला खोकला लागला, एक नाइट शिफ्ट करून आलेली ती जांभई देतच उठली. आत्या दाराबाहेर हुब्या ऱ्हाऊन म्हणत व्हत्या, मला न्हाई बाई येत, आन् त्यांचाच आवाज सगळ्यात वर. मी आपली कोपऱ्यात, मागनं. एकदा मला जोर आला, मी काकूंसंगं बरोबरीनं उठले, तर मामांनी हात वर करून गाणं थांबवलं. "सूनबाई, तू न्हाई. तू थांब. तू थांबतीस म्हून कळतंय का ह्या आधी उठल्या." काकू म्हणाल्या, "म्हंजी आमच्या मागं हिचं कायम काम हाय म्हणा की." सगळ्या हासल्या. मीबी हासले. कुणी माझं थांबणं हिशोबात घेतलंय, आसं कवा झालंच न्हवतं.

रविवारी अध्यक्षानं गाणं ऐकलं आन् परत लावाया सांगितलं. म्हणाला, "मामा, ह्या बाया कुठनं आणल्या?" मामा म्हणाले, "नळावरनं."

जयंतीला मिरवणूक चौकात आली, निळे झेंडे, पोरं, ट्रॉलीवर स्पीकर, आन् मामांचं गाणं लागलं. मी परीच्या कानावर हात ठिवून चालत व्हते. पहिलं 'उठा' आलं आन् स्पीकरातल्या बाया म्हणाल्या, उठलो. दुसऱ्या बारीला आमच्या वस्तीतल्या बायांनी म्हटलं. तिसऱ्या बारीला रस्त्याच्या कडंला हुब्या आसलेल्या, ज्यांना गाणं म्हाईतबी न्हाई, त्या बायांनी म्हटलं. नुसता कालवा. पोरांचे पाय उचलले. मी मामांना शोधत मागं गेले, तर मामा शेवटालाच चालत व्हते, ह्या वर्षीबी. मी वरडून इचारलं, "मामा, ऐकलं का? आपलं गाणं!" मामांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. "कुठलं ऐकतो," म्हणाले, "ह्या बाया एवढ्या वरडत्यात, कंप्युटर कुठं ऐकू येतोय!" एवढा आनंदी माणूस मी बघितला न्हाई.

आता मामा दौंडला हायती. कंप्युटर परत यष्टीत मांडीवर घिऊन गेले. वरच्या खोलीत कंपनीतली पोरं आलीत, चांगली हायती, पण कुकरची शिट्टी झाली तर वरनं कुणी काय बोलत न्हाई. बेस्तरवारी मामांचा फोन येतो. मागल्या खेपंला सांगत व्हते, सॉफ्टवेअरचं नवीन आलंय, त्यातल्या बाया आता एकदम श्वास घेत न्हाईत, पुढंमागं घेतात. "जमाया लागलंय त्यांना," म्हणाले. "त्यांच्या हापिसातबी कुणीतरी बाई आसंल बघ सूनबाई, मागं हुबी ऱ्हाऊन थांबणारी. तिला कुणीतरी इचारलं आसंल, का थांबतीस म्हून." फोन ठिवला तरी माझ्या डोक्यातनं ती बाई जाईना. कोण आसंल, कुठं आसंल, तिलाबी लेकरू आसंल का. आन् इचारलं तवा तिचीबी छाती आशीच धडधडली आसंल. पर सांगितलं बाई तिनं, सांगितलं.